दोरीचं खालचं टोक

तीस वर्षं उंच उंच भिंतींना दोरानं लटकून ज्यांना कधी साधं खरचटलं नव्हतं, ते गळतीमामा एका रविवारी सकाळी आपल्याच परसात प्लास्टिकच्या खुर्चीवरून पडले. खुर्ची जमिनीवर होती, तिचे चारही पाय शाबूत होते आणि मामांना कुणी धक्काही दिला नव्हता. ते नुसते बसले होते. बसल्या जागी माणूस पडतो कसा, हे शेजारणीला कुंपणावरून विचारायचं होतं. पण मामींनी तिच्याकडे असं काही पाहिलं की तिनं मुकाट्यानं हातातली चादर झटकायला घेतली.

मामांच्या डोळ्यांवर त्या वेळी डबा होता, हे सांगायला हवं. जावयानं त्याचं चांगलं नाव सांगितलं होतं, पण मामींनी त्याला डबा म्हटलं आणि घरात तेच चाललं. दोन्ही डोळे झाकून टाकणारा हा काळा डबा डोक्याला पट्ट्यानं बांधायचा. मग समोरचं परस दिसेनासं होतं आणि ड्रोनच्या नाकावरच्या कॅमेऱ्याला जे दिसतं तेच आपल्याला दिसतं. हातात रिमोट, रिमोटला दोन दांड्या. मामांनी दांडी पुढे केली, ड्रोन मिक्सरसारखा घरघरत उठला आणि मामांना आपलं परस, आपली पाण्याची टाकी, आपलं घर खाली खाली जाताना दिसलं. पायाखालची जमीन सरकली असं आपण उगाच म्हणतो. मामांची खरोखर सरकली. त्यांनी धरायला दोर शोधला, दोर नव्हता, आणि ते गेले.

पडल्यावर ते बराच वेळ उठले नाहीत. लागलं नव्हतं. लाज वाटत होती.

मामांचा धंदा गळती शोधण्याचा, म्हणून तर सगळं गाव त्यांना गळतीमामा म्हणे. पाणी ही फार लबाड वस्तू आहे. ते शिरतं एकीकडून, भिंतीतल्या भिंतीत आडवंतिडवं हिंडतं आणि टपकतं भलतीकडेच, एखाद्या पापभीरू माणसाच्या उशीवर. टपकतंय तिथे बोट कुणीही दाखवेल. शिरतंय कुठून, हे बघायला बाहेरून भिंतीवर उतरावं लागतं. मामा गच्चीवर जाड दोर पक्का करत, अंगात पट्टा चढवत आणि भिंतीला नाक लावून खाली सरकत. पट्ट्याची गाठ मात्र स्वतः बांधत नसत. चढणाऱ्यानं आपली गाठ आपण बांधू नये, हा त्या धंद्यातला नियम. आपल्या गाठीवर माणूस उगाच विश्वास टाकतो. गाठ मामी बांधत. मग मामांच्या कमरेपासून एक बारीक दोरी थेट खाली सोडलेली असे आणि तिचं खालचं टोक धरून मामी जमिनीवर उभ्या राहत.

कारण उघड होतं. भिंतीला नाक लावलेल्या माणसाला नाकापलीकडचं काही दिसत नाही, आणि खाली उभ्या असलेल्या माणसाला सगळी भिंत दिसते. ओरडावं तर वाऱ्यात ऐकू जात नाही. म्हणून दोरी. एक झटका म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. एवढीच भाषा, आणि तीत दोघांचं तीस वर्षांत कधी भांडण झालं नाही. घरातल्या भाषेत आठवड्याला एक व्हायचं.

मामांचं नाव झालं ते त्या एका झटक्यावर. झटका बसला की मामा जिथल्या तिथे थांबत, भिंत तळव्यानं चाचपत, टिचकी मारून कान लावत, आणि बहुतेक वेळा तिथेच कुठेतरी केसाएवढी चीर सापडे. इतर गळतीवाले दोन दोन दिवस भिंतीवर पालीसारखे फिरत. मामांचं काम दुपारच्या जेवणाआधी उरके. लोक वाखाणत, तेव्हा मामा मोठ्या मनानं म्हणत, "मी नुसता लटकतो हो. नजर हिची. खाली उभी राहून हिला भिंतीच्या पोटातलं दिसतं." मामी अशा वेळी चहाचं आधण बघायला उठून जात. आधण ठेवलेलं नसलं तरी जात. तुला कसं कळतं गं, असं मामांनी पूर्वी एकदोनदा विचारलंही होतं. कळतं, एवढंच त्या म्हणाल्या होत्या, आणि गुणी माणसं अशीच कमी बोलतात असं मामांनी ठरवून टाकलं होतं.

पुढे मामांच्या कानात काहीतरी बिघडलं. कान ऐकायला ठीक होता, पण तोल सांभाळायचं खातंही कानातच असतं म्हणे, ते बंद पडलं. एका सकाळी पाचव्या मजल्यावर त्यांना भिंत वाकून नमस्कार करताना दिसली. डॉक्टरांनी दोर तर सोडाच, स्टुलावरसुद्धा चढायचं नाही असं बजावलं. त्याच सुमारास ज्या मोठ्या वसाहतीची कामं मामांकडे असत, तिथल्या व्यवस्थापकानं कळवलं की यापुढे भिंतीवर माणूस उतरवायचा नाही असं वरून ठरलंय. भिंती ड्रोननं बघायच्या. परवाना आणलात तर काम तुमचंच, नाहीतर माझा नाइलाज आहे, असं तो बिचारा खरंच हळहळून म्हणाला.

मामांना दुसरं काही येत नव्हतं. आणि ते स्वतःला ओळखून होते. घरी बसलेले मामा घरातल्या माणसांमध्ये चिरा शोधत फिरतील, टिचक्या मारून बघतील, आणि वर्षाच्या आत घरातलं कुणी त्यांच्याशी बोलणार नाही. ही भीती त्यांनी मामींना एकदाच बोलून दाखवली. मामींनी ती खोडून काढली नाही, त्यामुळे ती आणखी वाढली. परवाना हवाच होता.

शिकवायला जावई होता. लग्नसमारंभात ड्रोन उडवून तो चित्रीकरण करायचा आणि त्यात त्याचा हातखंडा होता. मुलगा सोन्यासारखा. दोष एकच, तो अतोनात नम्र होता. सासरे तसेच. आता सासऱ्याला तोंडावर 'डावीकडे' असं सांगणं जावयाच्या स्वभावात नव्हतं आणि जावयाला 'मला कळलं नाही' असं सांगणं मामांच्या. दोघं एकमेकांना इतका मान देत की यंत्राकडे लक्ष द्यायला कुणी उरत नसे. ड्रोन भिंतीच्या दिशेनं निघाला की जावई घसा साफ करून सुरू करी, "मामा, म्हणजे तुमची हरकत नसेल तर, मी आपलं फक्त सुचवतो, शेवटी निर्णय तुमचाच, पण मला वाटतं की किंचित..." इथपर्यंत ड्रोन भिंतीवर पोचलेला असे. मामा डब्यातून म्हणत, "अगदी योग्य बोललात, जावईबापू." आणि जावई पंखे बदलायला घेई.

कधी वेळेत सांगून झालंच, तर दुसरीच गंमत होई. ड्रोनचं नाक घराकडे वळलेलं असलं की जावयाची डावी बाजू ती ड्रोनची उजवी. हे जावयाला ठाऊक होतं, लग्नात तो कधी चुकत नसे. पण सासऱ्यांना आधी एक बाजू सांगायची आणि मग तीच फिरवायची, हे त्याला उद्धटपणाचं वाटे. सांगितली ती बाजू तो धरून ठेवी. अशानं ड्रोन एकदा टाकीत गेला, दोनदा झाडात, आणि एकदा शेजारणीच्या वाळत घातलेल्या चादरीत असा शिरला की चादरीसकट तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी जाऊन घरघरत उभा राहिला. शेजारणीनं त्यानंतर कपडे आत वाळत घालायला सुरुवात केली.

पण खरी अडचण बोलण्याची नव्हतीच. ड्रोन कौलांच्या वर गेला की मामांचे हात गार पडत, बोटं दांड्यांवर गोठत, आणि देह खुर्चीच्या कडेला कलायला लागे. जमिनीवर बसलोय हे डोक्याला ठाऊक होतं, पण कमरेला पटत नव्हतं. तीस वर्षांत गाठ बांधल्याशिवाय ती कंबर कधी इतक्या उंचावर गेली नव्हती.

मामी हे सगळं धुण्याच्या दगडावर बसून बघत होत्या. डॉक्टरांनी मामांना जमिनीवर आणलं तेव्हा त्यांना मनातून फार बरं वाटलं होतं. सुटलो एकदाचे, असं त्या मुलीला म्हणाल्याही होत्या. पण खुर्चीवर वाऱ्यातल्या वेलीसारखा डुलणारा नवरा बघून त्यांच्या ध्यानात आलं की हा माणूस खाली उतरलेलाच नाही. त्या आत गेल्या आणि अडगळीतला पट्टा घेऊन आल्या. मामांना उभं करून तो त्यांच्या अंगात चढवला, पाठीमागून दोर काढून नळाच्या पाइपाला आवळला आणि ती नेहमीची गाठ मारली. मग बारीक दोरी मामांच्या कमरेला अडकवून तिचं दुसरं टोक आपल्या हाताला दोन वेढे देऊन धरलं आणि म्हणाल्या, "बसा आता. न्या वर."

जावयाला काहीतरी बोलायचं होतं, पण सासूबाईंसमोर तर त्याचं वाक्य सुरूच होत नसे.

मामांनी ड्रोन वर नेला. कौलं खाली गेली, टाकी खाली गेली, झाडाचा शेंडा खाली गेला. कमरेला पट्टा आवळलेला होता, पाठीशी दोर होता, आणि हात गरम होते. उत्साहाच्या भरात ते शेजारच्या घराच्या भिंतीवर चालून गेले, तेवढ्यात कमरेला एक झटका बसला. मामा थांबले. भिंत नाकासमोर वीतभर. डब्यात त्यांना तिच्यावरचा रंगाचा पोपडासुद्धा दिसत होता, आणि पोपड्याखाली, अर्थातच, चीर.

"बघा जावईबापू," ते आनंदानं म्हणाले, "हिची नजर."

त्यानंतर ड्रोन कशालाही आपटला नाही. शिकवणी अशी चाले: मामा खुर्चीत, पाइपाला बांधलेले, मामी दगडावर, हातात दोरी, जावई मधोमध, मान वर करून, न बोललेली वाक्यं गिळत. रस्त्यावरून जाणारे लोक कुंपणाशी थांबत. एका म्हाताऱ्यानं मामींना हळूच विचारलं की यांना बांधून ठेवायची वेळ कधीपासून आली. मामींकडे मात्र कुणाचं फारसं लक्ष नसे. मामा डब्यात होते, जावई आभाळात होता.

परीक्षा एका ओसाड गोदामाच्या मैदानात होती. परीक्षक तरुण, कडक इस्त्रीचा आणि नियमांचा भोक्ता. टेबल, छत्री आणि एक पडदा मांडून तो बसला होता; उडवणाऱ्याला डब्यात जे दिसेल ते त्याला पडद्यावर दिसणार होतं. गोदामाच्या उंच भिंतीवर तीन रंगीत खुणा होत्या. त्या शोधायच्या, त्यांचे फोटो काढायचे, ड्रोन वळवून घरी आणायचा आणि समोरच्या चुन्याच्या वर्तुळात उतरवायचा. डोळ्यांवर डबा असल्यामुळे उडवणारा आंधळा, म्हणून त्याच्याजवळ नजर ठेवणारा एक माणूस हवा. एकच. त्या माणसानं आपली नजर यंत्रावरून क्षणभरही हलवायची नाही. हलवली तर परीक्षा तिथेच संपली आणि पुन्हा बसायला पुढच्या वर्षी.

पुढच्या वर्षापर्यंत व्यवस्थापक थांबणार नव्हता, हे मामांना माहीत होतं. नजर ठेवायला म्हणून त्यांनी मामींचं नाव दिलं. जावयानं सुटकेचा नि:श्वास इतका मोठा टाकला की परीक्षकानं वर पाहिलं. वर पाहिल्यावर त्याला दिसलं की उमेदवार खुर्चीवर बसलाय आणि त्याची बायको त्याला दिव्याच्या खांबाला बांधतेय.

परीक्षकानं चौकशी केली. मामांनी सांगितलं की पडू नये म्हणून. कशावरून, असं त्यानं विचारलं. खुर्चीवरून, असं मामांनी सांगितलं.

"खुर्ची किती उंच आहे?"

"आत्ता गुडघ्याएवढी," मामा म्हणाले. "नंतरचं सांगता येत नाही."

परीक्षकानं नियमांचं पुस्तक पुढून मागे आणि मागून पुढे चाळलं. उमेदवारानं दारू प्यायलेली नसावी, असं त्यात होतं. उमेदवार खांबाला बांधलेला नसावा, असं लिहिण्याची गरज कुणाला वाटली नव्हती. मग तो मामींकडे वळला आणि पूर्ण वेळ यंत्राकडेच बघत राहाल ना, असं विचारलं. मामींनी दोरीचे वेढे हातावर घट्ट केले. "माझं काम मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. नीट कान देऊन ऐकलं असतं तर हे उत्तर नव्हतं, पण नियमांच्या माणसांना ठाम आवाज पुरतो.

ड्रोन उठला. मामांना मैदान मावळताना दिसलं आणि समोर भिंत आली, जुनी, मळकी, ओलीचे डाग पडलेली. मामांना भरून आलं. किती दिवसांनी भिंत इतकी जवळ आली होती. पहिली खूण खिडकीच्या वर होती, दुसरी पन्हळीच्या शेजारी. तिसरी काही सापडेना. मामा भिंतीवर इकडून तिकडे फिरले, वर गेले, खाली आले. वेळ जात होता, बॅटरी उतरत होती, आणि त्यांच्या पाठीतून घामाची धार लागली होती. ते छपराच्या पुढे आलेल्या भागाखाली शिरत होते, तेवढ्यात कमरेला झटका बसला. मामा थांबले. कॅमेऱ्याचं नाक जरा उचललं. छपराच्या पोटाशी, सावलीत, पिवळी खूण.

मनातल्या मनात त्यांनी बायकोला हात जोडले आणि ड्रोन घराकडे वळवला.

आता डब्यात सगळं मैदान उलट बाजूनं दिसत होतं. टेबल, छत्री, जावयाची गाडी. एक खांब, आणि खांबाला बांधलेला एक म्हातारा. डोळ्यांवर काळा डबा, खांदे वाकलेले, डोक्याच्या मध्यावर चंद्राएवढं टक्कल. कोण बिचारा, असं मामांच्या मनात येऊन गेलं, आणि मग सदऱ्यावरून त्यांनी स्वतःला ओळखलं. टकलाची बातमी त्यांना नवीन होती. ते सावरले आणि त्या म्हाताऱ्याच्या शेजारी बघू लागले, कारण तिथे बघायचं त्यांनी आधीपासून ठरवलं होतं. तीस वर्षं ही बाई खाली उभी राहून वर बघत आली आणि तीस वर्षं मामांचं नाक भिंतीला होतं. वर बघणारी मामी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. आज पाहायला मिळणार होती.

मामी उभ्या होत्या. ठेवणीतले कपडे, हाताला दोरीचे दोन वेढे, चेहरा आभाळाकडे उचललेला, नियमाप्रमाणे, जराही न हलवता. आणि डोळे मिटलेले.

उन्हानं किलकिले झाले असतील म्हणून मामा आणखी जवळ आले. किलकिले नव्हते. कडू औषध घेताना लहान मूल मिटतं तसे गच्च मिटलेले होते. ओठही आवळलेले होते. मामांनी ड्रोन तसाच हवेत तोलून धरला आणि त्यांच्या डोक्यात तीस वर्षांच्या भिंती एकामागून एक कोसळल्या. इतकी वर्षं लटकायचो आपण, आणि जीव टांगणीला हिचा. आपण मात्र गावभर सांगत फिरलो की हिची नजर, हिची नजर.

हे सगळं डब्यात दिसत होतं, म्हणजे पडद्यावरही दिसत होतं. परीक्षक त्या वेळी खुणांचे फोटो तपासायला खाली वाकला होता. जावयाची नजर मात्र पडद्यावर गेली. सासूबाईंचा हातभर मोठा चेहरा आणि त्यातले मिटलेले डोळे बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पण माणसाच्या अंगातला दोष कधी कामाला येईल सांगता येत नाही. तो पुढे झाला, नेमका पडद्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, आपली हरकत नसेल तर, म्हणजे आपल्या कामात व्यत्यय आणण्याचा माझा मुळीच उद्देश नाही, आणि मी काही या विषयातला अधिकारी नव्हे, तरीपण एक अगदी लहानशी शंका, जी कदाचित शंका म्हणण्याच्याही लायकीची नसेल..." वाक्य निघालं. परीक्षकानं मान वर केली, सभ्यपणे ऐकू लागला, आणि वाक्य संपेपर्यंत मध्ये बोलायचं नाही या संस्कारात सापडला.

इकडे मामींना डोळे उघडायला लावणं मामांना भाग होतं. हाक मारली तर परीक्षकाला ऐकू जाणार. हात दांड्यांवर, ते सोडले तर ड्रोन पडणार. मग त्यांना कंबर आठवली. त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या कमरेला एक हिसडा दिला. एकच.

तीस वर्षांत दोरी खालूनच बोलत आली होती. वरून ती कधी बोलली नव्हती, कारण वरच्याला खालच्याची काळजी करायचं काही कारणच नव्हतं. हाताला झटका बसला तशा मामी दचकल्या आणि त्यांनी डोळे उघडले.

समोर, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर, हवेत ड्रोन घरघरत होता. मामींनी त्याच्याकडे पाहिलं. शेजारी खुर्चीत खांबाला बांधलेला नवरा होता, त्याच्याकडे त्यांनी बघितलं नाही. त्या ड्रोनकडेच बघत राहिल्या, कॅमेऱ्याच्या काचेत, आणि त्यांचे डोळे भरून आले. मामांना ते डब्यात इतक्या जवळून दिसत होतं की त्यांना पापण्या मोजता आल्या असत्या.

"पुरे झालं," मामी ड्रोनला म्हणाल्या. "खाली ये आता."

जन्मभर अहो-जाहो केलेल्या बाईनं यंत्राला अरे-तुरे केलं, याचं मामांना काही वाटलं नाही. आपल्यालाच बोलावलंय, हे त्यांना पक्कं कळलं होतं. ते खाली आले. चुन्याच्या वर्तुळात, बरोबर मध्यावर.

जावयाचं वाक्य त्यानंतरही थोडा वेळ चाललं आणि धन्यवाद या शब्दावर थांबलं. त्यात शंका कुठे होती ते परीक्षकाला सापडलं नाही, पण उत्तर म्हणून त्यानं होकारार्थी मान हलवली. खुणा तीनही होत्या, ड्रोन वर्तुळात होता. मामा पास झाले. जाता जाता परीक्षकानं मामींचं खास कौतुक केलं. नजर ठेवणारी माणसं त्यानं पुष्कळ पाहिली होती, कुणी माशी हाकलतं, कुणी फोन बघतं. पण मागून तो बघत होता, यांची मान पहिल्यापासून शेवटपर्यंत तसूभरही हलली नव्हती. मामी चहाचं आधण बघायला निघाल्या, पण मैदानात तशी सोय नव्हती.

जावई सामान गाडीत ठेवायला गेला. मामी मामांच्या पाठीमागे उभ्या राहून गाठ सोडवू लागल्या. ती घट्ट बसली होती.

"कधीपासून?" मामांनी समोर बघत विचारलं.

मामींनी आढेवेढे घेतले नाहीत. "पहिल्या भिंतीपासून."

"आणि झटके?"

"दोरीत कळतं. तुमचं अंग आखडलं की दोरी ताठ होते. मला सोसेनासं झालं की मी ओढत होते. तुमची ती गळती मला आजतागायत एकदाही दिसलेली नाही."

मामांना आधी वाईट वाटलं, मग हसू आलं, आणि हसता हसता पुन्हा वाईट वाटलं. शिरतंय एकीकडून आणि टपकतंय भलतीकडेच, हे जगभर शोधत हिंडलेला माणूस. घरचं पाणी त्याला दिसलं नव्हतं. एकदा तरी वर बघायचं होतंस गं, असं ते म्हणाले. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले.

मामींचे हात गाठीवर थांबले. "वर बघितलं असतं," त्या म्हणाल्या, "तर हातातून दोरी सुटली असती."

गाठ सुटली. पट्टा उतरवताना मामींनीच विचारलं, मी ओढायची तेव्हा तिथे खरंच गळत असायचं का? बहुतेक वेळा, मामा म्हणाले. मामींनी थोडा विचार केला. मग बरोबरच ओढत होते, असं म्हणून त्यांनी दोरी गुंडाळली.

आता वसाहतीत काम निघालं की तिघं जातात. नियमाची नजर जावई ठेवतो. तो मैदानाच्या मधोमध मान वर करून उभा राहतो आणि त्याला बोलायची मनाई आहे. मामा इमारतीच्या पायथ्याशी खुर्ची मांडून एखाद्या पाइपाला बांधून घेतात. लोक हसतात, पोरं फोटो काढतात, मामा लक्ष देत नाहीत. मामी गाठ मारतात, दोरीचं खालचं टोक हाताला गुंडाळतात आणि शेजारी उभ्या राहतात. खालचं टोक म्हणायचं ते सवयीनं. आता दोन्ही टोकं एकाच उंचीवर असतात.

"मिटलेस?" मामा विचारतात.

"मिटले," मामी म्हणतात.

मग मामा डबा डोळ्यांवर ओढतात आणि ड्रोन भिंतीच्या दिशेनं निघतो. मध्येच कुठेतरी कमरेला एक झटका बसतो. मामा थांबतात आणि नीट बघतात. तिथे चीर असते.